फॉकलंडची सरकारी माहितीसेवा : एका निवृत्त माहिती अधिकाऱ्याचा शेरा

तेहतीस वर्षं मी सरकारी प्रेसनोट लिहिल्या. माहिती सहायक म्हणून लागलो आणि जिल्हा माहिती अधिकारी म्हणून बाहेर पडलो. मंत्र्यांचे दौरे, आमसभा, टंचाई, निवडणुका, सगळं 'प्रसिद्धीसाठी' या एका शब्दाखाली काढलं. त्यामुळे नवीन गावी गेलो की लोक देऊळ शोधतात आणि मी सूचनाफलक शोधतो. बायको याला रोग म्हणते.

मुलगी दोन वर्षांपासून फॉकलंड बेटांवर, म्हणजे दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटनच्या ताब्यातल्या बेटांवर, राजधानी स्टॅनलीच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. हॉस्पिटलचं नाव किंग एडवर्ड सेव्हन्थ मेमोरियल. तिनं पहिल्यांदा फोनवर "केईएममध्ये लागले" असं सांगितलं, तेव्हा तिची आई म्हणाली, "अगं मग परळलाच की, रडतेस कशाला?" तर तिच्याकडे आम्ही दोघं दोन महिने राहून आलो. पेंग्विनचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून झालेत. हा शेरा मात्र माझ्या धंद्याच्या गोष्टीवर आहे: तिथलं सरकार आपल्या लोकांना माहिती कशी देतं, आणि जगाला कशी देतं. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि माझ्या हिशेबात त्यांना मार्कही वेगवेगळे पडतात.

आधी नकाशाबद्दल.

मुलीच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक फ्रेम टांगलेली होती. मला वाटलं पर्यटन खात्याचं काहीतरी असेल. जवळ जाऊन पाहिलं तर स्टॅनलीच्या आजूबाजूच्या सुरुंगक्षेत्रांचा जुना नकाशा. १९८२ मध्ये या बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात युद्ध झालं; त्यात अर्जेंटिनाच्या फौजेनं किनाऱ्यांवर आणि टेकड्यांवर पेरलेले सुरुंग पुढं जवळजवळ चार दशकं तिथंच होते. कुंपण घातलेलं, कुंपणावर कवटीची पाटी, आणि लष्कराच्या स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकाकडून हे नकाशे वाटले जात. शेवटचे सुरुंग झिंबाब्वेहून आलेल्या कामगारांनी काढले आणि १४ नोव्हेंबर २०२० रोजी बेटं सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी लोक यॉर्क बेच्या वाळूवर जाऊन खेळले म्हणे. अडतीस वर्षं त्या वाळूवर फक्त पेंग्विन चालत होते, कारण त्यांचं वजन सुरुंग फुटायला पुरत नाही.

तो नकाशा मी चहाचा कप हातात घेऊन किती वेळा वाचला असेल! त्यात एक विशेषण नाही. मान्यवरांचा फोटो नाही. 'नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी शासन कटिबद्ध आहे' असं कुठंही नाही. कुठं पाय ठेवायचा नाही एवढंच आहे, आणि तेवढं वाचून माणूस संध्याकाळी घरी परत येतो. माझ्या पाहण्यात आलेलं सर्वांत चांगलं सरकारी प्रकाशन हेच. आमच्या प्रशिक्षणात हा एक कागद दाखवला असता तर आठवडाभराची व्याख्यानं वाचली असती.

आता ही सेवा कोण चालवतं ते सांगतो, म्हणजे आकार कळेल. सगळ्या बेटांची मिळून वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी ग्रामपंचायतीएवढी. पण जमीन बारा हजार चौरस किलोमीटर, दोन मोठी बेटं आणि सातशेहून जास्त लहान. बहुतेक माणसं स्टॅनलीत. स्टॅनलीबाहेरच्या सगळ्याला 'कॅम्प' म्हणतात. हा शब्द स्पॅनिशमधल्या 'कांपो'वरून आलाय, तंबूशी त्याचा संबंध नाही. विधानसभेत निवडून आलेले सदस्य आठ: पाच स्टॅनलीचे, तीन कॅम्पचे. पक्ष नाहीत. सगळे अपक्ष. त्यामुळे 'विरोधकांचा आरोप' आणि 'सत्ताधाऱ्यांचा खुलासा' हे दोन मथळे तिथं जन्मालाच येत नाहीत. माझी निम्मी नोकरी त्या दोन मथळ्यांमध्ये गेली. वर लंडनहून पाठवलेला गव्हर्नर, तो कार्यकारी मंडळाच्या बैठकीला अध्यक्ष असतो. परराष्ट्र आणि संरक्षण ब्रिटनकडे, बाकीचं घर बेटवासी स्वतः चालवतात आणि स्वतःच्या पैशानं चालवतात. १९८६ साली भोवतालच्या समुद्रात मासेमारीचं क्षेत्र जाहीर झालं, परवान्यांचा पैसा सुरू झाला, आणि मेंढ्यांच्या लोकरीवर जगणारी बेटं स्क्विडवर, म्हणजे माकूळवर, जगायला लागली.

पत्रकार म्हणाल तर एक साप्ताहिक, पेंग्विन न्यूज, १९७९ मध्ये सुरू झालेलं, दर शुक्रवारी येतं. एक स्थानिक रेडिओ. छोटासा टीव्ही. ब्रिटिश लष्करी तळावरच्या सैनिकांसाठी त्यांचं वेगळं प्रसारण. पत्रकार परिषदेला चहा किती सांगायचा हा आमचा कायमचा प्रश्न तिथं पडतच नाही. एक किटली पुरते.

सचिवालय समुद्राच्या बाजूला, १९८२ च्या विजयस्मारकाच्या मागं आहे, आणि शेजारच्या रस्त्याला थॅचरबाईंचं नाव. सरकारचा माहिती विभाग म्हणजे मोजकी माणसं. आणि ही माणसं संध्याकाळी त्याच दुकानात बटाटे घेतात जिथं त्यांच्या प्रेसनोटचा वाचक बटाटे घेतो. माझ्या मते या सेवेच्या चांगल्या भागाचं सगळं श्रेय या बटाट्यांना आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी असताना आमच्या प्रेसनोटचा वाचक कोण, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ती संपादकांसाठी लिहायचो, संपादक जागा भरायला छापायचे, आणि कलेक्टरसाहेब कात्रण फाइलला लावायला सांगायचे. चक्र पूर्ण. त्यात वाचक कुठंच नव्हता.

तिथल्या माहितीचा जुना संस्कार रेडिओचा आहे. स्टॅनलीत १९२९ पासून घराघरांत तारेवरून आवाज यायचा. भिंतीवर एक लाकडी खोकं, त्यातून बातम्या, सूचना, गाणी. लोक त्याला नुसतं 'बॉक्स' म्हणायचे. कॅम्पमधल्या शेतांवर तार पोचत नव्हती, तिथं बिनतारी संच. रोज सकाळी ठरलेल्या वेळी डॉक्टर स्टॅनलीतून संचावर बसायचा आणि लांबच्या बेटावरचा रोगी त्याला दुखणं सांगायचा. आणि सगळी बेटं कान लावून ऐकायची! कुणाला मूळव्याध, कुणाला दिवस गेलेत, सगळं जाहीर. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, आता रिपोर्ट बंद पाकिटात देतो हं आम्ही."

विमानांचंही तसंच. सरकारची छोटी विमानसेवा आहे, १९४८ पासूनची. लाल रंगाची आठ-नऊ माणसांची आयलंडर विमानं. त्यांना ठरलेलं वेळापत्रक नाही. उद्या कुणाला कुठं जायचंय हे बघून आदल्या दिवशी मार्ग आखतात, आणि मग संध्याकाळी ते रेडिओवर सांगतात. पूर्वी प्रवाशांची नावं वाचली जायची. म्हणजे उद्या आपल्या धावपट्टीवर (धावपट्टी म्हणजे गवत, मेंढ्या हाकललेलं) कोण उतरणार, हे त्या शेतावरच्या बाईला आदल्या रात्रीच कळे. ती केक करून ठेवे. आम्ही एकदा या विमानानं गेलो. आधी सामानासकट वजनकाट्यावर उभं केलं. बायकोनं वजन कुणी मोठ्यानं वाचत नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

याला मी खरी सरकारी माहिती म्हणतो. ऐकणाऱ्याचं उद्या सकाळी काहीतरी अडतं आणि ती माहिती ते सोडवते. विमान, बोट, पाणी बंद, कोणता रस्ता उखडलाय, कोणत्या दिवशी क्रूझ जहाजानं हजारो पर्यटक गावात उतरणार. ही शेवटची सूचना फार उपयोगाची, कारण तीनेक हजार वस्तीच्या गावात त्याहून जास्त पाहुणे एका सकाळी आले तर ब्रेड आधी आणून ठेवलेला बरा. या भागाला मी दहापैकी नऊ देतो. एक मार्क कापला, कारण शंभर टक्के देण्याची आमच्या खात्यात पद्धत नाही.

आता १ एप्रिल १९८२ ची रात्र. हे मी वाचून होतो, पण तिथं राहून, त्या गल्ल्यांतून चालून, त्याचा अर्थ वेगळाच लागला.

त्या संध्याकाळी गव्हर्नर रेक्स हंट रेडिओवर आले आणि अर्जेंटिनाचं आरमार येतंय, पहाटेपर्यंत चढाई होईल असं दिसतंय, हे त्यांनी लोकांना सरळ सांगितलं. शांत आवाजात. माझ्यातला माहिती अधिकारी इथंच अडकतो. कारण आमच्याकडे असा मजकूर चार टेबलांवरून फिरला असता, 'चढाई' खोडून 'परिस्थिती' झालं असतं, आणि शेवटी 'नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये' हे वाक्य जोडून दुसऱ्या दिवशी दुपारी गेला असता. तोवर रणगाडे गावात.

त्यानंतर रेडिओ केंद्राचा प्रमुख पॅट्रिक वॉट्स रात्रभर माइकसमोर बसला. गाणी लावली, आणि टेलिफोन उघडे ठेवले. लोक आपापल्या घरांतून फोन करून खिडकीतून काय दिसतं ते सांगू लागले. कुठून गोळ्यांचा आवाज येतो, कुठल्या रस्त्यानं चिलखती गाड्या येताहेत. जमिनीवर आडवं पडून फोनवर बोलणारी माणसं. गव्हर्नरही फोनवरूनच बोलले. सगळं थेट प्रसारित. सकाळी अर्जेंटिनाचे सैनिक स्टुडिओत शिरले, तरी हा गडी बोलत होता. पाठीशी बंदूक असेपर्यंत मी काही करणार नाही, असं त्यानं माइक चालू असतानाच त्यांना सुनावलं. ध्वनिफीत शिल्लक आहे.

बेटं अर्जेंटिनाच्या ताब्यात होती त्या पुढच्या चौऱ्याहत्तर दिवसांत त्याच स्टुडिओतून फर्मानं वाचली गेली. केंद्राचं नाव बदललं, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचा हुकूम निघाला. बेटांवर तोवर टीव्ही नव्हता. अर्जेंटिनानं तो आणला आणि संच हप्त्यानं द्यायलाही तयार झाले. प्रसिद्धीचा विचार म्हणून कल्पना वाईट नव्हती. पण हप्ता भरायला राज्य टिकायला हवं.

तिकडे लंडनमध्ये संरक्षण खात्याचे प्रवक्ते इयन मॅकडोनाल्ड रोज टीव्हीवर अतिशय संथ लयीत, श्रुतलेखन घालावं तसं निवेदन वाचायचे. बेटं परत घ्यायला निघालेल्या ब्रिटिश आरमाराबरोबर तीसेक पत्रकार आणि छायाचित्रकार गेले होते, सगळे ब्रिटिश. परदेशी एकालाही जहाजावर घेतलं नव्हतं. त्यांच्या बातम्यांना सेन्सॉर, आणि टीव्हीची चित्रं तर जहाजानं येत, म्हणून काही चित्रं घरच्या पडद्यावर यायला तीन-तीन आठवडे लागले. एवढं दाबून ठेवूनही, बेटांवरच्या गूस ग्रीन या वस्तीवरच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी ब्रिटिश तुकडी तिथून जवळच पोचल्याची बातमी बीबीसीच्या जागतिक सेवेवर गेली. तुकडीचा प्रमुख कर्नल जोन्स संतापला होता; दुसऱ्या दिवशी तो त्याच लढाईत पडला. बातमी फोडली कुणी, यावर नंतर बराच वाद झाला. माझा अनुभव असा की जिथं सगळ्या फायलींवर 'गोपनीय' असतं, तिथं नेमकी खरी गोपनीय असलेलीच बाहेर जाते.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. मी एका तालुक्यात असताना पावसाळ्यात एका गावी गॅस्ट्रोची साथ आली. विहिरीत गटाराचं पाणी झिरपलं होतं. मी प्रेसनोट लिहिली: 'गावातील पाणी उकळून प्यावे, विहीर वापरू नये.' वरून ती परत आली आणि मग गेली ती अशी: 'परिस्थिती नियंत्रणात असून आरोग्य पथक दाखल झाले आहे.' पथक दाखल झालं होतं हे खरं. पण विहीर वापरू नका हे वाक्य कापलं गेलं होतं, कारण पाणीपुरवठ्याचा जाब आला असता. मी सही केली. पुढचे तीन दिवस लोक त्याच विहिरीचं पाणी भरत होते. नाव कुणाचं घेत नाही, माझीच सही होती. स्टॅनलीत ती रात्रभराची ध्वनिफीत ऐकताना मला ती विहीर आठवत राहिली. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हटलं वारा लागला.

असो. कागदांकडे येतो, कारण तिथं मी दोन महिने अक्षरशः चरलो.

कार्यकारी मंडळ म्हणजे तिथलं मंत्रिमंडळ. विधानसभेनं निवडलेले तीन सदस्य त्यात मत देतात, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्त संचालक बसतात पण त्यांना मत नाही. बैठक बंद दाराआड होते. पण तिच्यासमोर ठेवलेल्या टिपण्या, गोपनीय ठेवलेल्या सोडून, लोकांना वाचायला मिळतात. समित्यांच्या बैठकांना लोकांना बसता यावं म्हणून २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा केलाय. मी त्या टिपण्या छापून घेतल्या, मुलगी म्हणाली बाबा प्रिंटरची शाई इथं जहाजानं येते, जरा बेतानं.

टिपणीची मांडणी आमच्यासारखीच: प्रस्ताव, पार्श्वभूमी, पर्याय, खर्च, कायदेशीर बाजू, शिफारस. फरक एवढाच की 'पर्याय' या मथळ्याखाली खरोखर पर्याय असतात! दुसरा पर्याय का नको, याचं कारण लिहिलेलं. आमच्याकडे त्या मथळ्याखाली 'अन्य पर्याय उपलब्ध नाही' हे आधीच टाइप केलेलं असायचं. शुल्क वाढवायचं असेल तर ते किती, कुणावर, आणि न वाढवल्यास तूट किती, हे साध्या इंग्रजीत असतं. काही टिपण्या लांबलचक आणि कंटाळवाण्या आहेत, मान्य. पण कंटाळवाणी टिपणी हे प्रामाणिक सरकारचं लक्षण असतं, असं माझं मत झालंय. जी टिपणी वाचताना मजा येते तिच्यात हमखास काहीतरी लपवलेलं असतं.

विधानसभा भरण्याआधी सदस्य जाहीर बैठक घेतात, लोकांनी यायचं आणि विचारायचं. मी गेलो होतो. टाऊन हॉलमध्ये. मोजली, मला धरून सतरा माणसं. एका शेतकऱ्यानं कॅम्पमधल्या खडीच्या रस्त्याबद्दल तीन प्रश्न विचारले, सदस्यांपैकी एकीनं दोनांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला "मला माहीत नाही, बघून सांगते" म्हणाली. मी वहीत वेळ टिपून ठेवली. तेहतीस वर्षांत लोकप्रतिनिधीच्या तोंडून व्यासपीठावर हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. अधिवेशन रेडिओवर थेट ऐकता येतं. मुलीची घरमालकीण भांडी घासताना ऐकते आणि सदस्यांना पहिल्या नावानं शिव्या घालते. तिची बहीण त्यांतल्या एकाची शेजारीण आहे म्हणे, म्हणजे शिव्या पोचत असणार.

कागदांना आठ. दोन मार्क 'गोपनीय' भागासाठी कापले. एवढ्याशा गावात कंत्राटं आणि नेमणुका याच गोष्टींत लोकांना खरा रस असतो, आणि नेमक्या त्याच बऱ्याचदा त्या भागात जातात. कायद्यानं ते बरोबर असेल. पण साडेतीन हजार माणसांत गुपित राहत नाही; त्याची फक्त कुजबूज होते.

आता दुसरं काम, जगाला माहिती देण्याचं. इथं माझी लेखणी जरा आखडते.

लंडनमध्ये ब्रॉडवे रस्त्यावर बेटांच्या सरकारचं स्वतंत्र कार्यालय आहे, फॉकलंड हाउस. खासदार, पत्रकार, मुत्सद्दी यांच्याशी संपर्क तिथून. दर जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्ती समितीपुढं बेटांचे निवडून आलेले सदस्य न्यूयॉर्कला जाऊन बोलतात. समोर अर्जेंटिना असतो, त्यांचं म्हणणं असं की ३ जानेवारी १८३३ ला ब्रिटननं ही बेटं बळकावली. संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर नाव 'फॉकलंड बेटे' आणि कंसात 'माल्विनास' असं दोन्ही. बेटांच्या सरकारी कागदावर अर्थातच एकच. स्टॅनलीत 'माल्विनास' म्हणायचं नाही, हे मुलीनं विमानतळावरून येतानाच बजावलं होतं. तिथं तो नुसता शब्द नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात बूट घालून शिरलेल्या माणसाची आठवण आहे.

या कामातली त्यांची सर्वांत मोठी खेळी मार्च २०१३ चं सार्वमत. ब्रिटनचा सागरपार प्रदेश म्हणून राहायचं का? मतदान ९२ टक्के. हो १,५१३, नाही ३. बाहेरचे निरीक्षक बोलावले, जगभरच्या पत्रकारांना बोलावलं. माहिती अधिकारी म्हणून मी टोपी काढतो. या आकड्याला मथळा लिहावा लागत नाही, आकडाच मथळा. आणि त्या तिघांना गावानं शोधलं का, हा प्रश्न मी ज्याला विचारला तो हसला. बहुधा सगळ्यांनी विचारून झालेला असावा.

पण त्यानंतर काय? स्वयंनिर्णयाचा हक्क, शांतताप्रिय समाज, नऊ-नऊ पिढ्या, हे शब्द एका निवेदनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शब्द खरे आहेत. मी तिथं राहिलो, माणसं बघितली, त्यांना कुणी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या झेंड्याखाली ढकलू नये असंच माझंही मत झालं. पण दहा वर्षांची निवेदनं सलग वाचली तर तारीख झाकल्यावर वर्ष ओळखता येत नाही. आमच्या वार्षिक 'शुभेच्छा संदेशां'चं असंच व्हायचं. टायपिस्ट फक्त साल बदलायचा. ज्यांना आधीच पटलंय त्यांनाच पटवणारा हा मजकूर. ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या १९९९ च्या संयुक्त निवेदनानंतर अर्जेंटिनाच्या पासपोर्टवर माणसं पुन्हा येऊ लागली. अर्जेंटिनाच्या सैनिकांच्या दफनभूमीत आपल्या मुलाचं थडगं बघायला आलेली एखादी आई, ज्यांच्यावर वर्षानुवर्षं 'फक्त देवाला ठाऊक असलेला सैनिक' एवढंच कोरलेलं होतं अशा थडग्यांना रेडक्रॉसच्या तपासणीनंतर मिळालेली नावं, हे सगळं त्याच बेटांवर डार्विन या वस्तीजवळ घडलं. स्वयंनिर्णयाच्या शंभर परिच्छेदांपेक्षा त्या दफनभूमीची नीट राखलेली वाट जास्त सांगते. त्या भागाला सहा देतो. मजकुराला चार आणि संयमाला दोन.

पेंग्विन न्यूजबद्दल थोडक्यात. ते एका माध्यम विश्वस्त संस्थेचं आहे, तिला सरकारी अनुदान मिळतं आणि संपादन स्वतंत्र. अनुदान घेऊन स्वतंत्र कसं, हा प्रश्न मला पडणारच, कारण सरकारी जाहिरात बंद केली की स्वाभिमानी संपादक किती दिवसांत चहाला येतो हे मी पाहिलंय. पण अंक वाचले आणि वाचकांच्या पत्रांत सरकारी निर्णयांवर टीका मोकळेपणानं दिसली. दर शुक्रवारी अंक घेत होतो. छोट्या जाहिराती आधी वाचा, गाव त्यात आहे.

कुणी जाणार असेल तर एक जागा चुकवू नका. जेन कॅमेरॉन राष्ट्रीय अभिलेखागार. जुनी राजपत्रं १८९१ पासूनची, चर्चनं १८८९ मध्ये सुरू केलेलं मासिक, जहाजांच्या नोंदी. राजपत्रात नेमणुका, रजा, कायदे. दीडशे वर्षं होत आली तरी साहेबाच्या रजेची नोंद शाबूत. तिथल्या बाईंनी फाइल आणून दिली आणि मी काय शोधतोय विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सवय आहे.

निघायचा शनिवार. तिथून चिलीचं विमान आठवड्यातून एकदाच, आणि विमानतळ लष्करी, स्टॅनलीपासून पन्नासेक किलोमीटरवर माउंट प्लेझंटला. वारा जास्त झाला तर विमान उतरत नाही, म्हणून सकाळपासून रेडिओ चालू होता. घरमालकिणीनं निरोपाला एक लांबट गुंडाळी हातात दिली. फ्रेममधून काढलेला तो सुरुंगांचा नकाशा. तिला माझा रोग कळला होता.

विमानतळावर तपासणीच्या टेबलावर गणवेशातल्या पोरानं गुंडाळी उलगडली, लाल पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, हा आता उपयोगाचा नाही. सगळं साफ झालंय."

म्हटलं, म्हणूनच नेतोय.